राखणीची मजुरी

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली, तो आठवडा कराडात त्याच गप्पांत गेला. आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेले लोकसुद्धा आधी मोबाइलवरचा फोटो दाखवत आणि मग पासबुक पुढं करत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यात नर वाघ दिसला, तेव्हाही असंच झालं होतं. पण नर आज आहे, उद्या नाही. वाघीण आली म्हणजे आता इथंच बस्तान बसणार, या आनंदात जो तो होता. मीही त्यातलीच. त्या भरात पाटणकडच्या मामाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ब्येस झालं. गवं तरी खाईल."

मग आईचा गुडघा कसाय, धाकटीचं कुठं जमतंय का, अशी चौकशी सुरू झाली. वाघाचा विषय त्याच्यापुरता संपला होता.

जंगलाच्या काठावरच्या माणसाला वाघ नकोच असणार, असं आपण इकडं बसून धरून चालतो. मामाला वाघाचं वावडं नाही. त्याला जेरीला आणलंय ते गव्यानं. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. असली आठ-दहा जनावरं पोटरीत आलेल्या भातात एक रात्र शिरली तर खाण्यानं जेवढं जातं, त्याहून जास्त तुडवण्यानं जातं. या हिशेबात वाघ मामाच्या बाजूचाच निघतो. जंगल राखायचं, वाघ वाढवायचे, तर स्थानिकांचं 'प्रबोधन' केलं पाहिजे, असं भाषणात कुणी म्हणालं की मला मामाचं ते उत्तर आठवतं. प्रबोधन नेमकं कुणाचं करायचं?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. १९८५ पासूनचं कोयना अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेली चांदोली एकत्र करून तो आखला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. त्यातलं निम्म्याहून किंचित जास्त गाभा क्षेत्र, बाकीचं बफर. नकाशात बफर म्हणजे फिकट हिरवा पट्टा. प्रत्यक्षात तिथं भातखाचरं आहेत, नाचणीचे वरकस उतार आहेत, शाळा आहेत, जोगुबाईचं देऊळ आहे आणि मुक्कामी एसटी आहे, ती येईल त्या दिवशी.

मामाची वाडी मुळात आहे तिथली नव्हे. आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी चढू लागलं तशी माणसं निघाली. कुणी सोलापूरकडं गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडं, आणि कुणी नुसतंच वर डोंगरात सरकलं. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. वर सरकलेल्यांतल्या कित्येकांच्या भोवती मग अभयारण्याची हद्द आली आणि पुढं व्याघ्र प्रकल्पाची. त्यांच्याबाबत कुणी 'अतिक्रमण' म्हणालं की माझं डोकं फिरतं. धरणाची वीज राज्यभर गेली, जंगलाचं पाणी कृष्णाकाठच्या उसाला मिळतं, वाघाचा आनंद कराडला होतो. खर्च मात्र एकाच खात्यावर पडत आलाय.

त्या खर्चातली सगळ्यात मोठी रक्कम कुठल्याच कागदावर नाही. ती म्हणजे राखण.

नवरात्राच्या सुमाराला एकदा मी मामाकडं मुक्कामाला होते. रात्री जेवणं झाल्यावर मामा-मामी घोंगडं, बॅटरी आणि पत्र्याचा रिकामा तेलाचा डबा घेऊन निघाले, तशी मीही मागं लागले. खाचराच्या वरच्या बांधावर चार मेढी रोवून, गवतानं शाकारलेली खोप. आत जेमतेम दोन माणसं आडवी होतील एवढी जागा. पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. मामी म्हणाली, "बोलू नगंस, आवाज ऐकाया लागतो." किती वेळ गेला कोण जाणे, मग खालच्या अंगाला चरचर असा आवाज यायला लागला, ओलं भात मुठीनं उपटावं तसा. बॅटरीच्या उजेडात आधी डोळे दिसले, मग पांढऱ्या पोटऱ्या. गवा हलला नाही. त्यानं मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मामीनं डबा बडवायला घेतला, मामानं हाळ्या दिल्या, तेव्हा कुठं तो नाकातून फुस्स करत बांध उतरला आणि शेजारच्या खाचरात गेला. लगेच तिथला डबा वाजायला लागला. मग त्याच्या पलीकडचा. अंधारात एकामागून एक डबे वाजत गेले आणि जनावर वाडीच्या कुठल्या टोकाला पोचलं ते नुसतं ऐकून कळत होतं.

सकाळी शेजारचे काका पाणवठ्यावर मामाशी बोलले नाहीत. आपल्या रानातनं हुसकलेला गवा दुसऱ्याच्या रानातच जाणार, त्याला तिसरीकडं जागाच नाही. पण नुकसान झालेल्या माणसाला राग कुणावर तरी काढावा लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं गव्याला हात लावता येत नाही, शेजारी मात्र हाताशी असतो.

मी आकड्यांत वावरणारी बाई. परत आल्यावर कागदावर मांडून पाहिलं. दाणा भरायला लागल्यापासून कापणीपर्यंत दीड महिना, दोन माणसं. रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता, रात्रपाळीचा जादा दर सोडूनच देऊ. नव्वद रात्रींचे २८ हजार ८० रुपये होतात. त्या खाचरातलं सगळं भात विकलं तरी एवढे येत नाहीत. म्हणजे पीक वाचलं तरी मामा तोट्यातच. नुकसानभरपाई मिळते ती गेलेल्या पिकाची. वाचवलेल्या पिकापायी गेलेल्या झोपेची नाही. "मग कशाला करायचं भात?" असं मी एकदा विचारलं. मामानं उत्तर दिलं नाही. मामी म्हणाली, "पड टाकलं की रान चढतं, आन् रानात डुकरं बसत्यात." ते तर दिसतच होतं. वरच्या आळीतली निम्मी घरं मुंबईला. पाटण, जावळीची माणसं पिढ्यान् पिढ्या माथाडी कामाला जातात. त्यांची खाचरं पडीक, त्यांत करवंदी आणि घाणेरी माजलेली, आणि त्या झुडपांत रानडुकरांची सोय. राखणारे हात कमी होत गेले तसतसं उरलेल्यांवरचं ओझं वाढलं.

भरपाईचंही सांगते. नियम वाचले तर वाईट नाहीत. नुकसान झाल्यावर तीन दिवसांत कळवायचं, मग वन, महसूल आणि कृषी अशा तीन खात्यांच्या माणसांनी मिळून पंचनामा करायचा. पण तलाठ्याकडं गावं अनेक, कृषी सहायकाकडं त्याहून जास्त, आणि वनरक्षकाच्या बीटात डोंगर. तिघांना एकाच दिवशी एकाच बांधावर उभं करणं हे लग्नाचा मुहूर्त जुळवण्याहून अवघड. तोवर पावसानं खुरांचे ठसे पुसलेले असतात. हे जुळलंच तर सातबारा आडवा येतो. मामाच्या सातबारावर चुलत्यांसकट सात नावं, त्यातली तिघं मुंबईत, एक हयात नाही. संमतीपत्रं गोळा करायची, त्यासाठी फोन करायचे, आणि मुंबईतल्या भावाला अचानक आठवायचं की आपला वाटा अजून तोडून दिलेला नाही. गव्याच्या अर्जापायी भावकी पेटलेली मी पाहिलीय. एका वर्षी हेलपाटे घालून पैसे मिळाले, ते हेलपाट्यांच्या एसटीभाड्याहून फार जास्त नव्हते. त्या कार्यालयातला माणूस स्वभावानं भला होता, चहा पाजायचा. पण दर खेपेला एक कागद कमी निघायचाच.

मदत म्हणून वस्तू येतात, हेही खरं. बफरमधल्या गावांसाठी राज्यात २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. गॅस, सौर कुंपण, गावाच्या समितीमार्फत कामं, असं बरंच त्यात बसतं. मामाच्या वाडीत गॅस आला. मामीची शेगडी स्वच्छ पुसून ओट्यावर असते, पाहुणा आला की चहापुरती पेटते. सिलिंडर भरून आणायचा तर तो खालच्या रस्त्यावरून डोक्यावर चढवायचा आणि वर पैसे मोजायचे. चुलीला काटक्या लागतात त्या परड्यामागंच मिळतात. सौर कुंपणाचंही तसंच. पहिल्या वर्षी झटका बसायचा, गवे बिचकले. दुसऱ्या पावसाळ्यात तारेखालचं गवत वाढून तारेला टेकलं. गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, बॅटरी रात्रभरही टिकत नाही. गवत कापायचं काम कुणाचं, याचं उत्तर योजनेत शोधून सापडत नाही. वस्तू द्यायला निधी असतो, तिच्यामागं वर्षभर राबायला लागणाऱ्या माणसाच्या रोजाला नसतो. सगळं घोडं अडतं ते इथं. स्थानिकांना मदत म्हणजे त्यांना काहीतरी नेऊन देणं, ही समजूतच काढून टाकायला हवी. ती माणसं आधीपासून काम करतायत. त्या कामाचे पैसे द्या आणि ते कसं करायचं हे ठरवताना त्यांना विचारा, एवढंच मागणं आहे.

विचारलं नाही की काय होतं, ते कासला दिसलं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांवर माणसांची झुंबड उडाली. फुलं तुडवली जाऊ लागली म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं. माणसं आवरली खरी, पण गुरंही बंद झाली. तेव्हापासून तिथले गुराखी सांगत होते, की चराई थांबली तर गवत माजेल आणि फुलं दबतील. कातळावर बोटभर मातीत उगवणारी ती इवली झुडपं. गुरं उंच गवत खातात, खुरांच्या खळग्यांत पाणी थांबतं, शेण पडतं, या सगळ्यात ती वाढत आलेली. नुसतं राखून ठेवलेलं रान वेगळं आणि वापरात असलेलं रान वेगळं, हे सांगायला त्यांच्याकडं शोधनिबंध नव्हता. अभ्यासकांतही यावर वाद झाले. अखेर दहाएक वर्षांनी ते कुंपण निघालं.

पण कासची दुसरी बाजूही आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी पठाराचा कारभार हातात घेतला, पुढं आणखी गावं जोडली गेली. पर्यटकांकडून शुल्क, दिवसाच्या संख्येवर मर्यादा, गाड्या लांब उभ्या करायच्या. तिकीट फाडणारा, वाट दाखवणारा, कचरा वेचणारा, सगळे तिथल्याच गावांतले. एकदा एका बाईनं फोटोसाठी फुलांत बसकण मारली, तर शिट्टी वाजवत धावत आलेला पोरगा वीस-बावीसचा असेल. "ताई, उठा, खाली सीतेची आसवं हायती." ती उठली आणि खाली बघत राहिली. निळी, चण्याएवढी, किडे पकडून खाणाऱ्या रोपाची ती फुलं तिला तोवर दिसलीच नव्हती. त्या पोराला हंगामात रोज मिळतो म्हणून तो तिथं आहे, नाहीतर पुण्याच्या एखाद्या गोदामात असता. यात भावनेपेक्षा रोज मोठा, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. वनरक्षकालाही पगार असतोच की.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघरही असंच. मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ते जाहीर झालं, पण मधाचा धंदा तिथं त्याच्या कितीतरी आधीचा. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, सातेरी माशीच्या पेट्या या डोंगरात जुन्या. ज्याच्या परड्यात पेट्या आहेत तो जांभूळ, हिरडा, गेळा तोडू देत नाही, आणि वणव्याची तर त्याला धडकीच असते. आमच्याकडं उन्हाळ्यात डोंगर पेटतात ते आपोआप नव्हे. जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं हा जुना समज, वर कुणाची तरी विडी, कुणाची मस्ती. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायला वनमजूर असतात, पण डोंगर पेटल्यावर ओल्या फांद्यांनी झोडपत सुटतात ती वाडीतलीच पोरं. 'वणवा लावू नका' हा फलक घाटातल्या वळणावळणावर आहे. त्यातला एकही फलक मधाच्या पेटीएवढा बोलका नाही.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर तर माणसांनीच उभं केलेलं जंगल. देवराष्ट्रे, मोहित्यांचं वडगाव या भागातले हे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते नावाच्या माणसानं ध्यास घेतला, आसपासच्या लोकांना बरोबर घेऊन झाडं लावली, जगवली, आणि तिथं १९८५ साली अभयारण्य झालं. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. आता तिथं हरणं वाढलीत आणि कुंपणातून निसटून बाहेरच्या शिवारात येतात. ज्यांच्या बापजाद्यांनी घागरीनं पाणी घालून झाडं वाढवली, त्यांच्याच पोरांच्या कोवळ्या पिकाला तोंड लागतं. याला न्याय म्हणायचा का, हे त्या पोरांसमोर उभं राहून कुणीतरी सांगावं.

गवा निदान डोंगरात राहतो. बिबट्या तर उसातच जन्माला येतो. गेल्या हंगामात कराडजवळच्या आमच्या एका सभासदाच्या फडात तोड चालू होती. टोळी बीडकडची. दुपारी एका बाईचा कोयता थांबला. पाचटात तीन पिल्लं, मांजरीच्या पोरांएवढी, डोळे नुकते उघडलेले. पूर्वी असं झालं की गर्दी जमायची, पिल्लं हातोहात फिरायची, सेल्फी निघायच्या आणि आई बिथरायची. आता बऱ्याच जणांना रीत माहीत झालीय. मुकादमानं सगळ्यांना फडाबाहेर काढलं, सभासदानं वनखात्याला फोन केला. माणसं आली, पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी ज्या जागी सापडली तिथंच भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवली. समोर कॅमेरा. मादी अंधार पडल्यावर आली आणि एकेक करत मानगुटीला धरून तिन्ही घेऊन गेली. ती चित्रफीत आमच्या संस्थेत सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांनी हात जोडले.

मी सभासदाला विचारलं, टोळीचं काय झालं? कारण तोडणीची मजुरी टनावर असते. फड थांबला की टन थांबले. अर्धा भरलेला ट्रॅक्टर तसाच उभा, दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत कुणी आत गेलं नाही. त्या बाईनं कोयता थांबवला नसता तर तिचा रोज बुडाला नसता, हे इतकं साधं आहे. पिल्लं वाचवण्यातला पहिला वाटा तिचा, आणि खिशाला पहिली चाट तिलाच. भरपाईच्या कुठल्या तक्त्यात तिचं नाव बसेल, मला तरी दिसलं नाही. सभासदानं पदरमोड करून टोळीला दिवसाचे पैसे दिले. त्याला ते परवडलं, प्रत्येकाला परवडणार नाही, आणि ज्याला परवडणार नाही तो पुढच्या वेळी फोन करायच्या आधी दोनदा विचार करेल.

म्हणून आम्ही दोघांनी बसून एक अर्ज लिहिला. फडात पिल्लं सापडली तर त्या फडाची तोड दोन दिवस थांबवावी, शेतकऱ्याची तोडणीची तारीख जाऊ देऊ नये, आणि टोळीचा बुडालेला रोज निम्मा कारखान्यानं, निम्मा वनखात्यानं द्यावा. रक्कम किरकोळ आहे. मी आकडा काढून जोडलाय, खाली मुकादमाची आणि टोळीतल्या बायकांचीही सही-अंगठे घेतलेत. कारखान्याच्या गट ऑफिसात दिला, पोच घेतली. शेतकी अधिकाऱ्यानं पूर्ण वाचला, आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या हेडखाली टाकायचं?" मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा, नवं काढा. तो बघू म्हणालाय. हंगाम सुरू व्हायच्या आत पुन्हा जायचंय, आणि या खेपेला मामालाही बरोबर नेणार आहे. राखणीचा कागद त्याच्या नावानं तयार ठेवलाय.